खालच्या कपाटातली नदी

१२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. चार फुटी म्हणून दुकानात मिळणाऱ्या माशांच्या टाकीचं हे नेहमीचं माप. काठोकाठ भरली तर तिच्यात २४३ लिटर पाणी मावतं, म्हणजे २४३ किलो. दहा मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला २५ किलो भरते, त्या हिशेबाने रिकामी टाकीच ५० किलोची. त्यात माती, दगड, लाकूड, खालचं कपाट आणि कपाटातली दुसरी टाकी मिळवा. बेरीज चारशे किलोच्या घरात जाते. सहा धडधाकट माणसं एकमेकांना खेटून रात्रंदिवस एकाच जागी उभी आहेत असं समजा. म्हणूनच मासे कुठले आणि झाडं कुठली हे ठरवायच्या आधी गवंड्याची पाणसळ मागून आणायची आणि जमीन तपासायची. जमीन पाच मिलिमीटर उतरती असली तरी पाण्याची रेघ काचेवर ते लगेच दाखवते, आणि एकदा टाकी भरली की ती सरकवणं कुणाच्या बापाला शक्य नसतं.

येणारा-जाणारा वरची टाकी बघतो. हिरवळ, मासे, लाकडावरचं मॉस. मला मात्र पाहुण्यांना खाली बसवून कपाटाचं दार उघडून दाखवायला आवडतं, कारण खरी गंमत तिथे चाललेली असते.

हा संप काम बंद करत नाही

कपाटातल्या त्या दुसऱ्या टाकीला म्हणतात संप. आपल्याकडे संप झाला की सगळं ठप्प. इथे संप चालू आहे तोवर वरचं सगळं चालू.

रचना सोपी आहे. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची उभी भिंत असते आणि तिच्या कडेला फणीसारखे दाते कापलेले असतात. पाणी त्या दात्यांवरून ओसंडतं, मागच्या कप्प्यात पडतं आणि तळाच्या भोकातून पीव्हीसीच्या पाइपाने खाली येतं. खाली आधी कापडी पिशवी, मग स्पंज, मग जिवाणूंची वसाहत, आणि शेवटच्या कप्प्यात मोटर. मोटर तेच पाणी उचलून परत वर पाठवते. खाली येताना वीज लागत नाही, फक्त वर जाताना लागते.

ताशी सहा फेऱ्या धरल्या तर दिवसाला सुमारे ३५,००० लिटर पाणी या वाटेने फिरतं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर! आणि असतं ते सगळं तेच अडीचशे-तीनशे लिटर. ओढा वाहतो तसं ते घरात वाहत राहतं, आणि वरच्या झाडांना नेमकी त्याचीच सवय असते.

या ओसंडण्याचा एक फायदा बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुधावर साय धरते तशी साठलेल्या पाण्यावरही एक तेलकट पातळ साय धरते. खाद्यातला स्निग्धांश, पानांतून सुटणारे पदार्थ, जिवाणू, धूळ, सगळं त्यात. ती जमली की वरून येणारा उजेड मंदावतो आणि हवा-पाण्याची देवाणघेवाणही. टाकीत बुडवलेला किंवा बाहेर टांगलेला फिल्टर पाणी मधून ओढतो, साय तशीच राहते. संपाकडे जाणारं पाणी मात्र पृष्ठभागावरूनच जातं. त्यामुळे संपवाल्या टाकीचं पाणी वरून बघितलं तर आरशासारखं दिसतं.

भोक पाडण्याआधी

टाकीच्या तळाला भोक पाडायला हिऱ्याच्या कणांचा गोल ड्रिल लागतो. त्याचं पातं पाण्याने सतत गार ठेवावं लागतं आणि हात हलका लागतो. माझी टाकी ज्यांनी बांधली त्या काचवाल्या काकांचा पहिला प्रश्न होता, "साहेब, काच साधी आहे ना? टफन असेल तर मी हात लावणार नाही." त्यांचं अगदी बरोबर होतं. कडक केलेल्या काचेच्या आत ताण कोंडलेला असतो. तिला भोक पाडायला गेलं की एका क्षणात तिचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होतात.

जोड लावायचं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास येतो. खरोखरच ते व्हिनेगर असतं: सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही, ही सगळ्यात स्वस्त चाचणी. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीविरोधी सिलिकॉन मात्र इथे चालत नाही. बुरशीला मारणारं औषध माशांनाही सोडत नाही.

लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न पहिला. मोटर बंद पडली की दोन गोष्टी होतात. कोपऱ्यातल्या भिंतीवरून उरलेलं पाणी खाली ओघळतं. आणि पाणी वर नेणारा पाइप उलटा चालायला लागतो: त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तो वक्रनलिकेसारखं टाकीतलं पाणी संपात ओढत राहतो.

आता हिशेब बघा. या टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ५.४ लिटर खाली येतं. तीन सेंटिमीटर उतरलं तर १६ लिटर, ते संपात सहज मावतं. पण पाइपाचं तोंड दहा सेंटिमीटर खोल बुडवून ठेवलं असेल तर ५४ लिटर येणार, आणि ते पाणी संपातून कपाटात, कपाटातून गालिच्यावर.

उपाय चार आण्याचा आहे. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला एक बारीक भोक. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. फक्त ते भोक महिन्याला दात कोरायच्या काडीने साफ करायचं, कारण शेवाळ आणि पिल्लू गोगलगाई यांना तीच जागा फार आवडते. एकदिशा व्हॉल्व्ह लावून निर्धास्त झोपणारे लोक मी पाहिलेत. त्या व्हॉल्व्हमध्ये एखादं पान अडकलं की तो बंद होत नाही, त्यामुळे मी भोकावरच विश्वास ठेवतो.

उलटा प्रसंगही धरून चालायचा. खाली येणारा पाइप तुंबला आणि मोटर चालूच राहिली तर? मग ती आपल्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत वर ढकलणार. म्हणून मोटरचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी वरची टाकी ओसंडता कामा नये.

मी टाकी भरल्यावर पहिल्याच संध्याकाळी, एकही मासा नसताना, स्विच बंद केला आणि स्टुलावर बसून राहिलो. पाणी संपात चढत चढत एका जागी थांबलं. तिथे काचेवर काळ्या मार्करने रेघ मारली. ती रेघ आजही आहे. चालू मोटरला संपात किती पाणी ठेवायचं, ते तीच सांगते.

मोरीतला नळ

दुसऱ्या रात्री अडीच वाजता आईने उठवलं. "अरे, मोरीतला नळ चालू राहिलाय बघ." नळ बंद होता. आवाज कपाटातून येत होता: खळखळ, मग गट्ट, मग पुन्हा खळखळ.

पाइपातून पाणी आणि हवा एकत्र उतरतात तेव्हा हा आवाज होतो. पाइप पूर्ण पाण्याने भरलेला असेल तर तो जवळजवळ मुका असतो. म्हणून जाणकार तीन पाइप लावतात. पहिल्याला व्हॉल्व्ह. तो हळूहळू आवळत आणायचा, की पाइप पाण्याने गच्च भरून वाहील. दुसरा थोडा उंच, त्यातून पाण्याची बारीक धार शांतपणे उतरते. तिसरा सगळ्यात उंच आणि कायम कोरडा. पहिले दोन तुंबले तरच तो कामाला येतो. चाकाने फिरवायचा गेट व्हॉल्व्ह घ्यावा. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह एवढा बारीक जुळत नाही. मी अर्धा फेरा, पाव फेरा करत तासभर बसलो आणि एका क्षणी आवाज थांबला. आईला खरं वाटेना. ती कपाटाला कान लावून उभी राहिली.

भांड्यांच्या दुकानातली घासणी

संपाचा मधला कप्पा हा जिवाणूंचा. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य आणि कुजकी पानंही सोडतात. अमोनिया माशांना विषारी. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग नायट्रेट, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणजे जेवढा पृष्ठभाग जास्त तेवढं बिऱ्हाड मोठं. त्यासाठी सिरॅमिकच्या नळ्या मिळतात, लाव्हाचे सच्छिद्र खडे मिळतात, नॉर्वेत सांडपाण्यासाठी तयार झालेली आणि पाण्यात सतत गरगरणारी प्लास्टिकची चाकं मिळतात. आणि भांड्यांच्या दुकानात प्लास्टिकची गोल जाळीदार घासणी मिळते. तीही उत्तम चालते! साबण लावलेली नको आणि तारेची नको, एवढंच. माझ्या संपात पन्नास घासण्या आहेत. विकत घेताना दुकानदाराने हॉटेल काढताय का म्हणून विचारलं होतं.

आता एक खरोखर चकित करणारी गोष्ट. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवलं, की अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. एक कामगार अर्धं काम करतो, दुसरा ते पुरं करतो. पुढची सव्वाशे वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. मग २०१५ साली नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांना दोन्ही कामं एकट्याने करणारा जिवाणू सापडला. नायट्रोस्पायरा त्याचं नाव. तो मिळाला कुठे? मत्स्यपालनाच्या टाक्यांचं पाणी फिरवून शुद्ध करणाऱ्या फिल्टरमध्ये. आपल्या कपाटातल्या घासण्यांच्या थोरल्या भावंडातच म्हणा ना.

हे बिऱ्हाड जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माशांची घाई करायची नाही. आणि संपातला स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालतात जंतू मारायला, ते आपले आणि परके ओळखत नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळायचा. ते काळं पाणी कुंडीतल्या मोगऱ्याला घाला, बहर बघा.

क्लोरीन काढायच्या औषधाच्या बाटलीत असतं सोडियम थायोसल्फेट. फोटो स्टुडिओतले जुने लोक त्याला 'हायपो' म्हणतात. अंधाऱ्या खोलीत फिल्म पक्की करायला लागायचं तेच हे.

दगडाची परीक्षा

टाकीत ठेवायचा दगड आधी व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघायचा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहणार. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण या परीक्षेत हमखास पास होतो. बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही आणि हिरव्या रंगापुढे दिसतोही देखणा.

याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची स्फटिकांची खनिजं सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तर त्यांच्यासाठीच आहे. झिओलाइटच्या स्फटिकात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतल्या क्लिनोप्टिलोलाइट या प्रकाराला अमोनिया धरून ठेवण्याची खास ओढ आहे, म्हणून तो फिल्टरमध्ये वापरतात. मिठाच्या पाण्यात टाकला की धरलेला अमोनिया सोडून देतो. फक्त हे त्याच पाण्यात, माशांसकट, करून बघायचं नाही.

१८५० चा लंडनचा रसायनतज्ज्ञ

टाकीत झाडं हवीत हे कळलं कसं? लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि वॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. मासे सोडतील ते झाड घेईल, झाड सोडेल ते मासे घेतील असा हिशेब. तो बसला, पण जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि चक्र पूर्ण झालं. १८५० साली त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो चार वर्षांनी, फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते १९५१ मध्ये. शाळेची सहल म्हणून तिथे काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पिढ्या आजही माशांचा विषय निघाला की तिथूनच सुरुवात करतात.

वॅलिसनेरिया हे नाव लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

पानावरचे मोती

दुपारी दिवे लागून तीन-चार तास झाले की पानांच्या कडांवर बारीक चंदेरी बुडबुडे जमतात. मग एकेक सुटून वर जातो. पाण्यात आणखी ऑक्सिजन विरघळायला जागा उरली नाही की तो असा दिसू लागतो. यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने १७७९ मध्ये इंग्लंडमध्ये नेमकं हेच पाहिलं. पाण्यात बुडवलेली पानं उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात थांबतात. वनस्पतींना हवा शुद्ध करायला उजेड लागतो, हे माणसाला त्या बुडबुड्यांनी सांगितलं.

आपण सगळ्यांनी शाळेत हा प्रयोग केलाय. चंचुपात्र, उलटं नरसाळं, वर परीक्षानळी आणि आत हायड्रिला. जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासासाठी हायड्रिलाच घेतली होती. सुटणारा बुडबुडा आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी तयार केलं, आणि ते काम १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आलं. हीच हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या टाक्यांच्या व्यापारातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या कालव्यांना तिने असं वेढलं की अजून तिथले लोक तिच्याशी झगडतायत. म्हणून टाकीतली छाटलेली पानं नाल्यात किंवा तळ्यात टाकायची नाहीत. वाळवायची, कुंडीत टाकायची. नकोसा झालेला मासाही नदीत सोडणं म्हणजे पुण्य नव्हे. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा भारतातल्या किती जलाशयांत जाऊन बसलाय, ते जाळी ओढणाऱ्या कोळ्यांना विचारा.

हवेतून येणारा कार्बन डायऑक्साइड झाडांना पुरतो का? पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. शिवाय हवेशी समतोल साधलेल्या लिटरभर पाण्यात तो अर्धा मिलिग्रॅमच्या जरा वर असतो. लाल पानांची नखरेल झाडं वाढवणारे सिलिंडर लावून तो ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. इथेच संपावरून वाद होतो. पाणी उंचावरून खळाळत पडलं की हा महागाचा वायू उडून जातो. हे खरं आहे, पण उपायही आहेत. कोपऱ्यातल्या कप्प्यात पाणी दोन-तीन सेंटिमीटरच पडेल असं ठेवायचं, पाइप संपात पाण्याखाली उघडायचा, संपावर झाकण घालायचं. शांत टाकी तीच वायू राखणारी टाकी. माझं मत विचाराल तर पहिल्या टाकीला सिलिंडर नकोच. अ‍ॅन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, वॅलिसनेरिया ही मंडळी त्याच्याशिवाय सुखात वाढतात. सिलिंडर लावलाच तर काचेला आतून चिकटवायचा छोटा फुगा मिळतो, त्यातल्या रंग बदलणाऱ्या द्रवावर नजर ठेवा. निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मासे धापा टाकायच्या बेतात.

उन्हाळ्यातला माठ

संप असला की वरच्या टाकीतलं पाणी कधी कमी झालेलं दिसतच नाही. बाष्प होऊन जातं ते सगळं मोटरच्या कप्प्यातून वजा होतं. एप्रिलमध्ये तो कप्पा रोज बघावा लागतो. वाफ जाते, क्षार मागे राहतात, मिठागरात होतं तसंच. नुसती भर घालत राहिलं तर पाणी हळूहळू जड होतं, म्हणून दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून टाकणं चुकत नाही.

याच बाष्पाचा उपयोगही आहे. संपावर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावा. एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता नेतं, की अडीचशे लिटर पाणी दोन अंशांहून अधिक गार व्हावं. माठ याच न्यायाने पाणी गार करतो. गार पाण्यात ऑक्सिजनही जास्त मावतो: २५ अंशाला लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात.

सह्याद्री काचेमागे

बाजारातल्या टाकीच्या झाडांची नावं लॅटिन, डबी परदेशी, आणि मूळ गाव बघावं तर आपलंच. हायग्रोफिला पिनाटिफिडा घ्या. कंगव्यासारखी कातरलेली तपकिरी-लालसर पानं, लाकडाला किंवा दगडाला बांधली की बिलगून वाढते. ती आहे सह्याद्रीतल्या ओढ्यांची रहिवासी, आणि आज युरोपातल्या रोपवाटिकांतून जगभर जाते. रक्तासारखी लाल रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातली. बाकोपा म्हणून विकतात ती बाकोपा मोनिएरी म्हणजे आपली नीरब्राह्मी! ओलसर बांधावर उगवणारी ही वनस्पती पूर्ण पाण्याखालीही निवांत वाढते. कासच्या पठारावर पावसाळ्यात पांढरी बटणं टाचल्यासारखी फुलणारी गेंद एरिओकॉलॉन कुळातली. त्याच कुळातली पाण्याखाली वाढणारी ताऱ्यासारखी रोपं शौकीन लोक जिवापाड जपतात.

आणि वायतुरा. अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच सातारा. कासच्या डबक्यांत पावसाळ्यात इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुहेरी तुरा काढतो आणि पाणी आटलं की कंदाच्या रूपाने जमिनीत झोपी जातो. त्याचे श्रीलंकेतले भाऊबंद कंदाच्या रूपात दुकानात मिळतात, ते खुशाल लावा. वायतुरा मात्र जिथे आहे तिथेच जाऊन बघायचा. सह्याद्रीच्या त्या मोजक्या डबक्यांखेरीज त्याला दुसरं घर नाही.

माशांतही हे दिसतं. लाल-काळ्या पट्ट्यांचा, 'मिस केरळ' नावाने गाजलेला मासा फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये जगाला सांगितला. २०१३ मध्ये पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या केरळमधल्या सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजात ठरवली आणि तिला नाव दिलं सह्याद्रिया. शोभेच्या बाजारासाठी नद्यांतून त्याची इतकी पकड झाली की तो आज धोक्यात आहे. घ्यायचा तर हौदात पैदास केलेलाच घ्यावा. आणि खरं तर चार फुटी टाकीत घेऊच नये: बराच मोठा वाढतो, कळपाने पोहतो, त्याला पळायला अंगण लागतं. तेवढ्या जागेत आपला झेब्रा डॅनिओ आनंदाने राहतो. गंगेच्या खोऱ्यातला हा पट्टेरी मासा जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत संशोधनाला वापरतात. डासांच्या अळ्यांसाठी नगरपालिका वाटते ते गप्पी मासेही बिनतक्रार राहतात, फक्त महिन्या-दोन महिन्यांत त्यांची मोजदाद अवघड होते.

नवी झाडं लावल्यावर पंधरा दिवसांत पानं विरघळायला लागली तर घाबरू नका. बहुतेक रोपवाटिका ही झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात गेल्यावर जुनी पानं निरुपयोगी होतात आणि झाड पाण्याला साजेशी नवी काढतं. मुळं घट्ट असतील तर थांबा. दिवे सहा ते आठ तासच, आणि टायमरवर. आपण प्रेमाने बारा तास उजेड दिला की त्याचा फायदा शेवाळ घेतं.

आणखी एक डोळ्यांची गंमत. ४५ सेंटिमीटर रुंद टाकी समोरून पाहिली की मागची भिंत ३४ सेंटिमीटरवर असल्यासारखी वाटते, कारण पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो. म्हणून रचना करताना मागच्या बाजूला माती मुद्दाम उंच चढवतात आणि बारीक पानांची झाडं मागे लावतात, की खोली वाढल्याचा भास व्हावा. जपानचे ताकाशी अमानो यात बादशहा. तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार, मग पाण्यातल्या बागांचे गुरू. २०१५ मध्ये, जाण्याच्या काही महिने आधी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची, १,६०,००० लिटरची बाग लावली.

कापडी पिशवीतले पांढरे कण

गेल्या श्रावणात संपातली कापडी पिशवी धुवायला काढली तर तिच्या आतल्या कडेला रव्यापेक्षा बारीक पांढरे कण चिकटलेले. आधी वाटलं खाद्य असेल. भिंगाखाली धरल्यावर दिसलं, प्रत्येक कणाला इवल्या पाकळ्या आहेत.

ती वॅलिसनेरियाची नर फुलं होती. हे झाड आपली नर फुलं तळाशी, पाण्याखाली तयार करतं. पिकली की ती देठापासून सुटतात, शेकड्यांनी वर येतात, पृष्ठभागावर उघडतात आणि होडीसारखी तरंगतात. मादी फूल दुसऱ्या झाडावर असतं. ते लांबच लांब धाग्यासारख्या देठावर पाण्याच्या पातळीपर्यंत येऊन थांबतं. त्याच्याभोवती पाण्याला बारीकसा खळगा पडतो आणि जवळून जाणारी होडी त्यात घसरते. परागण झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फूल परत खाली, चिखलाकडे ओढून घेतो.

टाकीत वॅलिसनेरिया धावत्या खोडांनी पसरते, म्हणजे एका रोपाची सगळी प्रजा एकाच लिंगाची. माझ्याकडे मात्र रोपं दोन ठिकाणांहून आणलेली. डाव्या कोपऱ्यात पाहिलं तर पृष्ठभागावर एक फिकट बिंदू, खाली जाणारा दोऱ्यासारखा देठ. मादी फूल आलेलं होतं. आणि त्याच्यासाठी निघालेल्या सगळ्या होड्या माझा संप, साय ओढतो त्याच शिस्तीने, खाली कापडी पिशवीत नेत होता.

दुपारी दोन वाजता मी मोटर बंद केली. पाणी काळ्या रेघेपर्यंत चढलं आणि थांबलं. वरची टाकी इतकी निश्चल पहिल्यांदाच पाहिली. आई चहा घेऊन आली, तिला हळूच दाखवलं. पांढरे ठिपके दिव्याच्या उजेडात दिशाहीन फिरत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक ठिपका डावीकडे सरकला, रेंगाळला आणि अचानक, कुणी बोट लावल्यासारखा, त्या खळग्यात गेला.

चौथ्या दिवशी सकाळी देठाला पहिला पीळ पडलेला होता.